जुन्या मोटारीचा हरवलेला आवाज

जुन्या मोटारीचे इंजिन उघडून दुरुस्त करणारे हात अजून मिळतात. पत्रा ठोकून सरळ करता येतो, आसने नव्याने शिवून घेता येतात, क्रोमचा मुलामाही पुन्हा चढवता येतो. परंतु डॅशबोर्डच्या मध्यावरील रेडिओची रिकामी खाच भरायची वेळ आली, की भले भले मालक अडखळतात. तिथे बसवलेला चकचकीत नवा संच साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. आणि जुना म्हणून मिळेल तो संच त्या मोटारीला शोभेलच असे नाही. मोटारीच्या काळाशी, तिच्या विजेशी आणि तिच्या डॅशबोर्डशी जुळणारा, म्हणजेच कालसुसंगत रेडिओ कसा निवडावा, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

हुबळी-धारवाडमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आकाशवाणीचे धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. घरात मराठी बोलणारे थोर कन्नड कवी द. रा. बेंद्रे आणि गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांनी या केंद्राचे सल्लागार म्हणून काम केले. मध्यम लहरींवर ७६५ किलोहर्ट्झ ही या केंद्राची जागा. सुमारे २० किलोमीटर अंतरावरच्या या जोडशहरांत ये-जा करणाऱ्या फियाट आणि अॅम्बॅसेडर गाड्यांत जो रेडिओ बसवला जाई, तो प्रामुख्याने मध्यम लहरींचा. एफएमचे युग इकडे पुष्कळ उशिरा अवतरले.

पहिला प्रश्न काळाचा. अमेरिकेत १९३० मध्ये मोटोरोलाचा मोटार-रेडिओ बाजारात आला आणि १९३२ मध्ये जर्मनीच्या ब्लॉपंक्टने युरोपात तसा संच काढला. हे सारे व्हॉल्व्हचे रेडिओ होते. १९५५ मध्ये फिल्को कंपनीने क्रायस्लरसाठी केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा संच तयार केला आणि पुढच्या दशकभरात व्हॉल्व्ह मागे पडले. कॉम्पॅक्ट कॅसेट फिलिप्सने आणली ती १९६३ मध्ये. आपल्याकडे मोटारीत कॅसेट रुळायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली फियाट ११०० पुढे १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. बाह्यरूप फारसे न बदलता ही गाडी अनेक दशके निघत राहिली, म्हणून केवळ रूप पाहून रेडिओ निवडणे फसवे ठरते. ऐंशीच्या दशकातील पद्मिनीत कॅसेटचा संच शोभतो. १९६० च्या फियाटमध्ये तो उपरा वाटतो.

भारतीय गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे रेडिओ बहुधा मालकाने वेगळा विकत घेऊन बसवून घेतलेला असे. त्यामुळे परदेशी माहितीपुस्तिकेत दाखवलेला इटालियन संच हुबळीच्या फियाटसाठी योग्य ठरेलच असे नव्हे. खरा पुरावा गाडीतच शोधावा. डॅशबोर्डखालच्या स्क्रूच्या खुणा, मडगार्डवरील एरियलचे बुजवलेले भोक, स्पीकरची जाळी या गोष्टी बोलक्या असतात. पूर्वी रेडिओ बाळगण्यास टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. घरातील जुन्या कागदांत ती पुस्तिका किंवा खरेदीची पावती सापडली, तर निम्मे काम झाले.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि घाई इथेच महागात पडते. काही जुन्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची, तर काहींची १२ व्होल्टची असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या सांगाड्याला जोडले आहे. आज सर्वत्र ऋण टोक सांगाड्याला जोडतात; परंतु अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक जोडलेले असे. रेडिओची धातूची पेटी सांगाड्याला टेकते, त्यामुळे उलट जोडणीचा ट्रान्झिस्टर संच बसवताच तो जळू शकतो. काही संचांच्या पाठीमागे ही दिशा बदलण्याची सोय असते. ती आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

व्हॉल्व्हच्या संचाची रीत निराळी. व्हॉल्व्हना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो. त्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाची डबी बॅटरीचा एकदिश प्रवाह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा जोडते-तोडते आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवतो. जुन्या रेडिओतून गाण्याआधी येणारी बारीक गुणगुण ती हीच. वर्षानुवर्षे बंद असलेला असा संच थेट बॅटरीला जोडू नये. त्यातील कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. पहिल्याच प्रवाहात ट्रान्सफॉर्मर गमावण्याची भीती असते. आधी हे भाग बदलावेत, मग फ्यूज लावून टेबलावर चाचणी घ्यावी. स्पीकर जोडल्यावाचून संच सुरू करू नये.

तिसरा प्रश्न जागेचा. जुन्या संचाला दोन बाजूंना दोन दांडे व मध्ये काटा फिरणारी पट्टी असे. एका दांड्याने आवाज, दुसऱ्याने केंद्र. पुढे १८२ बाय ५३ मिलिमीटरची आयताकृती खाच प्रमाण ठरली. नवा संच बसावा म्हणून जुना डॅशबोर्ड या मापाने कापणे, ही सर्वांत मोठी हानी. रेडिओ बदलता येतो. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये जी विशेष नोंदणी आणली, ती वाहन मूळ स्वरूपात असण्याची आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार नसण्याची अट घालते. रेडिओचा त्यात स्वतंत्र उल्लेख नसला, तरी मूळ रूप जपण्याचा हेतू स्पष्ट आहे.

शोध घेताना मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, बेंगळुरूतील मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला जे. सी. रोड आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा एस. पी. रोड ही ठिकाणे पालथी घालावीत. निवडीचा एक नियम उपयोगी पडतो. वाजणारा पण बटणे नसलेला संच आणि मुका पण बटणे, काच, चौकट शाबूत असलेला संच यांत दुसरा घ्यावा. आतील भाग जाणकार मेकॅनिक बदलू शकतो. फुटलेली काच नि हरवलेले बटण हुबेहूब मिळणे कर्मकठीण.

संच बसवल्यावरही केंद्र क्षीण येत असेल, तर दोष बहुधा एरियलच्या जुळणीत असतो. पेटीवर एक बारीक स्क्रू असतो; काटा पट्टीच्या वरच्या टोकाजवळील क्षीण केंद्रावर ठेवून, आवाज सर्वाधिक होईपर्यंत तो हळूहळू फिरवावा. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी किरकिर डायनॅमो व इग्निशन कॉइलवर योग्य कपॅसिटर बसवल्याने कमी होते.

आता सर्वांत अवघड बाब. जुन्या पट्टीवर आकडे अनेकदा मीटरमध्ये असतात. धारवाडचे ७६५ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३९२ मीटर, पणजीचे १२८७ म्हणजे सुमारे २३३ मीटर. परंतु प्रसार भारती ठिकठिकाणची मध्यम लहरींची प्रक्षेपणे बंद करून एफएमकडे वळत आहे. म्हणून खर्चात पडण्यापूर्वी साध्या खिशातल्या ट्रान्झिस्टरवर आपल्या गावी कोणते केंद्र ऐकू येते, हे तपासावे. अमेरिकेतून आणलेला आकडे दाखवणारा संच तर इथे निरुपयोगी ठरू शकतो. तिकडे केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. तो ७६० वर थांबतो, नाहीतर ७७० वर.

केंद्र येत नसेल, तर जुन्या पेटीतील सारे काढून नवे मंडल भरण्याचा मोह होतो. त्यापेक्षा मूळ संच तसाच ठेवून आवाजाच्या बटणापाशी बाहेरील वाद्यासाठी एक जोडणी काढून घेणे शहाणपणाचे. ती उद्या काढूनही टाकता येते. मात्र हे काम जाणणारे रेडिओ मेकॅनिक आता वयोवृद्ध झाले आहेत. ते हाताशी आहेत तोवरच संच दुरुस्त करून घ्यावा, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग नाव लिहून डब्यात जपावा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला तो डबाही द्यावा.