एका पाटीची हकिकत

घोडबंदर रोड म्हणजे एके काळी ठाण्याहून बंदराकडे जाणारी रानातली वाट. तेथे अरबी घोडे उतरत म्हणून बंदराला हे नाव पडले, असे सांगतात. आता त्या वाटेवर वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि रान मागे सरत सरत येऊरच्या डोंगराला टेकले आहे. अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर, एका सोनोग्राफी केंद्रात, भाचसुनेला घेऊन मी बसले होते. शेजारी एक आजीबाई आपल्या सुनेबरोबर आलेल्या. समोरच्या भिंतीवर पाटी होती : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.'

आजीबाईंनी पाटी दोनदा वाचली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "पहिली मुलगी आहे हो हिला. ज्योतिषीबुवांनी या खेपेला मुलगा सांगितलाय. यंत्रात तर सगळं दिसतं म्हणे. मग सांगायला यांचं काय जातं?"

सून खाली मान घालून ओढणीच्या टोकाशी चाळा करीत होती. मी काही बोलणार, तोच तिचे नाव पुकारले गेले. माझे उत्तर राहून गेले. ते येथे देते. कारण त्या चार बोटांच्या पाटीमागे शंभराहून अधिक वर्षांची विद्या आहे, आणि ती एका शास्त्राची नव्हे.

पहिला साक्षीदार आहे आनुवंशशास्त्र. १९०५ साली, आपल्याकडे वंगभंगाविरुद्ध चळवळ पेटली होती त्या वर्षी, अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाची एक बाई सूक्ष्मदर्शकाखाली पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासत बसली होती. तिला दिसले ते असे : मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि विसावे अगदी चिमुकले. नराची निम्मी बीजे ते चिमुकले गुणसूत्र घेऊन निघतात आणि निम्मी मोठे. अपत्य नर की मादी, हे तेथेच ठरते. माणसातही नेम हाच. आईकडून नेहमी 'एक्स' मिळते. बापाकडून 'एक्स' आले तर मुलगी, 'वाय' आले तर मुलगा. म्हणजे 'हिच्या पोटी मुलीच', असे म्हणून ज्या असंख्य सुनांना बोल लावला गेला, त्यांच्यापैकी एकीचाही यात दोष नव्हता. बापालाही दोष देऊ नये, कारण कोणते बीज आधी पोचेल ते त्याच्या हाती नसते. पण निदान बाईची तर सुटका व्हायला हवी होती! निकाल लागला १९०५ साली. तो आपल्या घरांत पोचायला किती वर्षे लागावीत?

दुसरा साक्षीदार आकाशातला. आजीबाईंचा भरवसा पत्रिकेवर होता. पत्रिकेची परीक्षा घ्यायला पुढे आले ते एक जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ, पुण्याचे डॉ. जयंत नारळीकर. २००८ साली त्यांनी आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे व सुधाकर कुंटे या सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमविल्या. शंभर मुले हुशार विद्यार्थी, शंभर मतिमंद. भाग घेणाऱ्या एक्कावन्न ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठविल्या आणि एवढेच विचारले, की मूल कोणत्या गटातले? सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. बरोबर आलेली उत्तरे सरासरी शेकडा ४६. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी जुळली असती! ही परीक्षा मुलगा-मुलगीची नव्हती, हे खरे. पण झालेल्या मुलाची हुशारी ज्या ग्रहांना सांगता येत नाही, त्यांच्यावर न झालेल्या नातवाची भिस्त किती ठेवावी, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तिसरा साक्षीदार यंत्रविद्या. आणि इथे गोष्टीला वळण लागते. सोनोग्राफीचे मूळ कारखान्यात आहे. लोखंडात आतल्या आत चीर पडली आहे काय, हे ध्वनिलहरी सोडून आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपून ओळखत असत. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि त्या यंत्राखाली धरल्या. पुढे टॉम ब्राऊन या तरुण इंजिनियरने त्यांना माणसासाठी यंत्र घडवून दिले, आणि १९५८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या यंत्राने किती आया आणि किती बाळे वाचली! वार खाली आहे का, जुळे आहे का, बाळाची वाढ नीट आहे का, हे पोटाला धक्का न लावता कळू लागले. त्याच सुमारास, १९५६ साली, कोपनहेगनच्या फुक्स आणि रीस या डॉक्टरांनी गर्भाभोवतालच्या पाण्यातल्या पेशी तपासून गर्भाचे लिंग ओळखून दाखविले. रक्त न गोठण्याचा आजार बहुधा मुलग्यांनाच होतो. ज्या घराण्यात तो आहे त्यांना याचा उपयोग होणार होता.

विद्या अशी सरळमार्गी होती. आपण तिला प्रश्न वाकडा विचारला.

गर्भजलाची तपासणी सत्तरीच्या दशकात भारतात आली. १९७८ साली सरकारी रुग्णालयांत लिंग ओळखण्यासाठी तिचा वापर बंद झाला, पण खाजगी दवाखान्यांना मोकळे रान राहिले. आज काही शे रुपये खर्चा आणि उद्याचा लाखोंचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड झळकू लागल्या. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चौकशी केली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करीत होते. रोग नसताना रोग्यासारखी तपासणी, आणि 'रोग' एकच : मुलगी असणे.

येथे चौथा साक्षीदार उभा राहिला : चळवळीतल्या बायका आणि त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर, वकील, संशोधक. स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव होत होतेच. १९८०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत लिंगनिदानाविरुद्ध खास मंच स्थापन झाला. या मंडळींनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. आकडे जमविले, तपासणीचे तंत्र समजून घेतले आणि आमदारांपुढे मांडले. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. देशातला असा तो पहिला. १९९४ साली संसदेनेही केला. तो कागदावरच राहतो असे पाहून २००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायदा अधिक कडक झाला. प्रत्येक केंद्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा कागद आणि दर्शनी भागी पाटी. या कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अशी तपासणी झालीच, तर बाईवर नवऱ्याने किंवा घरच्यांनी दडपण आणले असावे, असे न्यायालय आधी गृहीत धरते. तसे नव्हते, हे दुसऱ्याने सिद्ध करायचे.

इतके झाले, तरी जनगणनेचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. निसर्गाचे माप साडेनऊशेच्या आसपास असते. या उणिवेतल्या मुली कुठे गेल्या, हे सांगायला साक्षीदार लागत नाही.

कारण कायद्याने यंत्राचे तोंड बंद केले. घराचे कसे करणार? 'दुसरीही मुलगीच?' हे दोन शब्द विचारायला यंत्र लागत नाही. ते बारशाला विचारले जातात, हळदीकुंकवाला विचारले जातात, आणि बाळंतिणीच्या उशाशीही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, २००६ पासून अमलात आला. मुलगा होत नाही म्हणून बाईला हिणवणे, टोमणे मारणे हीसुद्धा हिंसाच, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मारहाणीचा वळ दिसतो. हा दिसत नाही, एवढाच फरक. आपण ज्याला 'बायकांचे बोलणे' म्हणून सोडून देतो, त्याला कायद्याने त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली आहे.

'सांगायला यांचं काय जातं?' असे आजीबाईंनी विचारले होते. जाते ते हे : एक जीव, आणि तो वाढविणारीची मान.

वीस मिनिटांनी सून बाहेर आली. आजीबाईंनी तोंडाने नाही, पण डोळ्यांनी विचारलेच. सूनबाई प्रथमच मान वर करून म्हणाली, "बाळ छान आहे, आई. ठोके ऐकले मी."

आजीबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बस जरा. घाई नाही."