लाकडी चमचा आणि यादीबाहेरची पहिली

रँग्लर परांजपे यांची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मुर्डीचे रघुनाथराव १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जॉर्ज बर्टविसल याच्या जोडीने पहिले आले, ‘सीनिअर रँग्लर’ झाले. मला मात्र कित्येक वर्षे त्या यादीच्या तळाचे वेड आहे.

या परीक्षेत ऑनर्सचे तीन वर्ग असत आणि तिसऱ्या वर्गातही क्रमांक लावले जात. त्यातला अगदी शेवटचा तो ‘वुडन स्पून’. पदवी घ्यायला तो सेनेट हाउसमध्ये कुलगुरूंपुढे आला, की वरच्या सज्जातून त्याचे सोबती दोरीला बांधलेला भला थोरला लाकडी चमचा त्याच्यासमोर सोडत. १८७५ साली विद्यापीठाने या प्रकाराला बंदी घातली. तरी चमचा द्यायची चाल सुटली नाही, उलट चमच्यांचा आकार वाढतच गेला.

शेवटचा चमचा १९०९ साली कथबर्ट लेम्प्रिएर होल्टहाउस याला मिळाला. तो सेंट जॉन्स कॉलेजचा, म्हणजे परांजप्यांच्याच कॉलेजचा. लेडी मार्गारेट बोट क्लबचा नावाडी म्हणून त्याच्या चमच्याचा दांडा वल्ह्यासारखा घडवला होता. त्यावर ग्रीक ओळी कोरल्या होत्या: हा शेवटचा चमचा, पाहणाऱ्याने दोन आसवे गाळावीत, अशा आशयाच्या. पुढच्या वर्षापासून प्रत्येक वर्गातली नावे वर्णानुक्रमाने लागू लागली, तेव्हा पहिलाही गेला आणि शेवटचाही. नापासाची हेटाळणी म्हणून या प्रथेकडे पाहणे मला पटत नाही. मित्राला वल्हे आवडते हे ध्यानात ठेवून कुणी इतका खटाटोप करतो, तेव्हा त्यात जिव्हाळाच असतो. शिवाय होल्टहाउस नापास नव्हताच, ऑनर्सची पदवी घेऊन तो बाहेर पडला.

याच सेनेट हाउसमध्ये १८९० साली फिलिपा फॉसेट हिचा निकाल वाचला गेला. न्यूनहॅम कॉलेजच्या या मुलीचे गुण पहिल्या आलेल्या पुरुषापेक्षा जास्त होते. स्त्रियांना १८८१पासून परीक्षेला बसता येई, पण पुरुषांच्या यादीत क्रमांक मिळत नसे. त्यांची नावे वेगळी वाचून, पुरुषांच्या यादीत त्या कुठे बसल्या असत्या एवढेच सांगत. तिच्या नावापुढे ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असे शब्द आले आणि सभागृह जयघोषाने दणाणले. पदवी मात्र तिला मिळाली नाही. शेवटच्या मुलालाही जे मिळे, ते पहिल्या मुलीला नाकारले गेले, हा अन्याय होता आणि तो त्या काळीही कळण्यासारखा होता.

१८९७ साली स्त्रियांना पदव्या देण्याचा ठराव मतदानाला आला. सेनेट हाउससमोर विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगला, ठराव मोठ्या फरकाने पडला आणि गर्दीने विजयोत्सव केला. परांजपे तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते.

त्यांचे नातलग धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले. त्याचे कुलगुरुपद परांजप्यांनीही सांभाळले. या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्रिया १९२१ साली बाहेर पडल्या. केंब्रिजने स्त्रियांना पदवीचा पूर्ण हक्क दिला तो १९४८ साली. फिलिपा फॉसेट त्याच वर्षी वारली.