अर्धं तिकीट

मणिकर्णिका घाटावर उन्हं कलली आहेत. वखारीच्या दारात भलाथोरला तराजू, त्यात ओंडके तोलले जाताहेत. "राम नाम सत्य है" म्हणत तिरडी गल्लीतून उतरते. आम्ही भिंतीला चिकटून वाट देतो.

खाली नावाडी माणसं मोजतोय. "बिटिया का आधा."

सात-आठ वर्षांची दिसणारी पोर फणकारते, "मी बारा वर्षांची आहे! आई, पूर्ण दे."

आजोबांच्या अस्थी घेऊन ही मंडळी साताऱ्याहून आलीत. आईच्या खांद्याला थर्मास. "चहा नाही हो, हिचं इंजेक्शन आहे," म्हणत त्या झाकण उघडून दाखवतात. खाली बर्फ, वर टॉवेलची घडी, घडीवर पेन. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं; बर्फाला टेकून गोठलं तर फुकट जातं. आज रात्री लॉजवर झोपण्याआधी मांडीत टोचायचं. रोजचंच आहे.

इंजेक्शन ग्रोथ हार्मोनचं; मुलीला टर्नर सिंड्रोम आहे. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नाही किंवा अर्धवट आहे. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. गंमत अशी, की प्रॅडर-विली या दुसऱ्या जनुकीय आजाराच्या मुलांत ग्रोथ हार्मोन बहुधा खरंच कमी पडतं, टर्नरमध्ये सहसा नाही. उंचीचं एक जनुकच अपुरं असतं, तरी बाहेरून दिलेल्या हार्मोननं उंची वाढते. बीजकोश बहुधा काम करत नाहीत, म्हणून वयात येण्यासाठी पुढे इस्ट्रोजेनही द्यावं लागतं.

"सगळे म्हणायचे, आत्यावर गेलीय, वाढेल हळूहळू," बाई सांगतात. "नवव्या वर्षी तपासणी झाली. मुलगा असता तर केव्हाच नेला असता."

नावेत बसलेले पोरीचे वडील मान खाली घालतात. बाईंचं खोटं नाही. बुटक्या मुलासाठी घर धावतं, मुलीला 'नाजूक' म्हणून मोकळं होतं. इकडे हाडांची टोकं एकदा जुळली की उंची कायमची थांबते.

नाव सुटते. पोर पुढच्या फळीवर बसून चितांकडे टक लावून बघतेय. पूर्ण भाडं दिल्याच्या तोऱ्यात.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातल्या उपचारांत टर्नर आणि प्रॅडर-विलीसाठीचं ग्रोथ हार्मोन आहे; मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्या धोरणातलं एक केंद्र. पाच वर्षांपुढची, वाढीच्या वयातली मुलगी वर्षाला ४ सेंटिमीटरही वाढत नसेल, तर वाट बघू नका. बालहार्मोनतज्ज्ञांना दाखवा आणि कॅरिओटाइपच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, रक्ततपासणीबद्दल स्वतःहून विचारा.