सेकंड शिफ्टची शर्यत

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात 'एन्ड्युरन्स' म्हटलं की लोकांना वाळूज आठवतं. "भाचा एन्ड्युरन्सला लागलाय" याचा अर्थ एवढाच, की तो एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीत कामाला आहे. कंपनीचं मुख्यालय वाळूजला, आणि माल म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन, ॲल्युमिनियमचे ओतीव भाग. या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे सहा, आठ किंवा चोवीस तास चालणारी मोटारींची शर्यत, इथे फार थोड्यांना ठाऊक. त्या थोड्यांपैकी एक जण स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत राहतो. शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा, वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. दर नोव्हेंबरात एक शनिवार असा येतो की तो कुणाच्या साखरपुड्याला जात नाही, वास्तुशांतीलाही नाही. त्या दिवशी बहारीनमध्ये वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपची, डब्ल्यूईसीची, हंगामातली शेवटची शर्यत असते.

बहारीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे दुपारी दोनला हिरवा झेंडा पडतो तेव्हा उस्मानपुऱ्यात साडेचार झालेले असतात, आणि आठ तास संपतात तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास. म्हणजे वाळूजच्या हिशोबाने जवळजवळ तंतोतंत सेकंड शिफ्ट.

ही तुलना नुसती वेळेपुरती नाही. एका गाडीला बहुधा तीन चालक असतात आणि ते पाळीपाळीने बसतात. एकाची पाळी संपत आली की दुसरा हेल्मेट चढवून पिटमध्ये उभा. गाडी येते, दार उघडतं, आतला बाहेर पडतो. जाताना आपल्या मापाची बैठक काढून घेतो, येणारा स्वतःची टाकतो, कारण एक सहा फुटी आणि दुसरा पाच फूट सहा इंची असू शकतो. मग उतरलेलाच वाकून बसलेल्याचे पट्टे ओढून घट्ट करतो, रेडिओची वायर जोडतो, पाण्याची नळी लावतो. तोवर इंधन भरणं चालू असतं. ते संपेपर्यंत टायरला हात लावायचा नाही, असा नियम. टायर आधी गरम करून ठेवायलाही आता मनाई आहे. त्यामुळे बाहेर पडलेली गाडी पहिली फेरीभर ओल्या फरशीवर चालल्यासारखी चालते, आणि या एका फेरीत अनेकांच्या कमाईवर पाणी पडतं. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. मशीन थांबवायचं नाही, चार्ज नीट द्यायचा, आणि रिलीव्हरने पहिल्या दहा मिनिटांत जॉब खराब केला तर आधीच्या सात तासांना काही अर्थ उरत नाही.

क्रिकेटच्या भाषेत समजावायचं तर फॉर्म्युला वन म्हणजे टी-ट्वेंटी आणि ही कसोटी, असं लोक पटकन म्हणतात. ते पूर्ण बरोबर नाही. कसोटीत एका वेळी एकच सामना चाललेला असतो. इथे एकाच रस्त्यावर दोन. पुढचा वर्ग हायपरकारचा: फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक, पूजो अशा कंपन्यांनी खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या. मागचा एलएमजीटी३ चा, शोरूममधल्या स्पोर्ट्सकारवरून बेतलेल्या, फेरीमागे बऱ्याच सेकंदांनी धीम्या. त्यांच्या चालकांत हौसेने पैसे खर्चून उतरलेले उद्योजकही असतात. सगळ्या मिळून पस्तीसच्या आसपास गाड्या, ५.४१२ किलोमीटरचं साखीर सर्किट, वाळवंटातून उडून आलेली रेती, आणि अर्धी शर्यत व्हायच्या आतच काळोख. जालना रोडवर संध्याकाळी सहाला दुचाकी चालवणाऱ्याला यातलं कौशल्य वेगळं सांगावं लागत नाही.

गाड्यांचं वेड या शहराला नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या दीडशे जणांनी मिळून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, किंमत सुमारे ६५ कोटी रुपये, आणि त्या बातमीने तेव्हाच्या औरंगाबादला देशभर मिरवलं. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९८५ साली, बजाजने वाळूजला कारखाना काढला होता. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली आणि पुढे त्याच छताखाली ऑडीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. हा शेंद्र्याचा धागा आपल्या चाहत्याच्या गोष्टीत महत्त्वाचा, कारण त्याची पहिली लाडकी गाडी ऑडी होती.

ती आवड अवाजवी नव्हती. १९९९ पासून अठरा वर्षं ऑडी या खेळात होती आणि फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत तिने तेरा वेळा जिंकली. २००६ साली डिझेलवर, २०१२ साली हायब्रीडवर, आणि दोन्ही वेळा तिथे असं करणारी ती पहिली. डिझेल गाडी म्हणजे काळा धूर आणि खडखडाट असं मानणाऱ्या जगात ऑडीची आर-१० जवळपास आवाज न करता जिंकून गेली. डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेन्सनने ल मां नऊ वेळा जिंकलं, त्यातले सात विजय ऑडीच्या गाडीत.

मग सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन समूहाचा डिझेल घोटाळा उघड झाला. चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवणारी संगणकप्रणाली गाड्यांत बसवली होती. डिझेलच्या अभिमानावर उभा असलेला शर्यतीचा खर्च आता कुणापुढे मांडायचा? २६ ऑक्टोबर २०१६ ला ऑडीने जाहीर केलं की हा हंगाम शेवटचा. उरल्या होत्या फक्त दोन शर्यती, त्यातली अखेरची बहारीनला, १९ नोव्हेंबरला.

नोटाबंदीला तेव्हा अकरा दिवस झाले होते. क्रांती चौकापासून स्टेशनपर्यंत प्रत्येक एटीएमपुढे रांग. आपला चाहता दुपारभर अशाच एका रांगेत उभा होता आणि पाचशेच्या ऐवजी दोन हजारांची गुलाबी नोट घेऊन घरी परतला, जी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने घेतली नाही. रात्री मात्र बहारीनला ऑडी पहिली आणि दुसरी आली. लुकास दि ग्रासी, लोइक दुवाल आणि ऑलिव्हर जार्व्हिस जिंकले. मागच्या ऑडीत होते फेसलर, लोटरर, त्रेलुये, पाच वर्षांपूर्वी ल मां जिंकलेलं त्रिकूट. तिसऱ्या आलेल्या पोर्शेत मार्क वेबर होता आणि त्याचीही ती कारकिर्दीतली शेवटची शर्यत.

आणि जगज्जेते? ते सहाव्या क्रमांकावर. पोर्शेच्या दुसऱ्या गाडीचे दुमा, यानी आणि लीब. सुरुवातीलाच एका धीम्या गाडीशी घासून टायर फाटला, पुढचे तास ते मागे राहूनच धावले, पण वर्षभराच्या गुणांची शिल्लक पुरली. एकीकडे निरोपाचा विजय, एकीकडे सहाव्या जागेवरचं जेतेपद. टीव्हीच्या कॅमेऱ्याने कुणाकडे बघायचं, हाच प्रश्न होता.

हंगामाची शेवटची शर्यत पाहणं वेगळं असतं ते यामुळे. वर्षभर नजर पुढच्या गाडीवर असते, शेवटच्या दिवशी ती मागे न्यावी लागते. आठ तासांच्या शर्यतीला विजेत्याला ३८ गुण मिळतात, सहा तासांच्या शर्यतीला २५, ल मांला ५०. त्यामुळे बहारीनपर्यंत हिशोब असा गुंतलेला असतो की आठव्या-नवव्या जागेवरची झुंज पहिल्या जागेपेक्षा मोलाची ठरते. चाहत्याच्या मांडीवर मोबाइल असतो, त्यावर प्रत्येक गाडीची फेरी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवणारा तक्ता, आणि बाजूला जुन्या डायरीचं पान. त्यावर पेनाने तीन रकाने: कुणी कुठे आलं तर काय. घरचे म्हणतात, दहावीच्या पेपरलाही इतका अभ्यास केला नव्हता.

ऑडी गेल्यावर वर्षभराने, २०१७ च्या अखेरीस, पोर्शेही बाहेर पडली. वरच्या वर्गात मोठी कंपनी उरली एकटी टोयोटा. ती वर्षं पाहणाऱ्याला कंटाळवाणी गेली, इथे लपवण्यासारखं काही नाही. २०२१ मध्ये हायपरकारचे नवे, तुलनेने कमी खर्चाचे नियम आले, २०२३ मध्ये फेरारी आणि पोर्शे परतल्या, आणि फेरारीने पन्नास वर्षांनी परतून पहिल्याच प्रयत्नात ल मां जिंकलं.

२ नोव्हेंबर २०२४ चा शनिवार मात्र घरात फारच अडचणीचा निघाला. त्या दिवशी पाडवा होता. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा. सकाळपासून शोरूममधून हार घातलेल्या, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेल्या गाड्या बाहेर पडत होत्या. संध्याकाळी ओवाळणीचं ताट तयार झालं तेव्हा बहारीनमध्ये सूर्य मावळत होता आणि टोयोटाची एक गाडी इंधनपंपाच्या बिघाडाने बाद होण्याच्या वाटेवर होती. पाटावर बसून, कपाळाला कुंकू लावून घेताना, नजर खाली मोबाइलकडे जाणं हा पाडव्याच्या दिवशी गंभीर गुन्हा आहे. तो घडला. शिक्षा म्हणून ताटात टाकायची रक्कम जागच्या जागी दुप्पट झाली.

कंपन्यांच्या जेतेपदाच्या शर्यतीत पोर्शे पुढे होती आणि टोयोटाला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हातात उरली ती एकच गाडी, आठ नंबरची: बुएमी, हार्टली, हिराकावा. तीही मधल्या तासांत मागे पडलेली. शेवटच्या टप्प्यात सेबास्टियन बुएमी बसला आणि एकेक गाडी मागे टाकत पहिला आला. टोयोटाने कंपन्यांचं जेतेपद अवघ्या दोन गुणांनी राखलं. त्याच वेळी चालकांचं जेतेपद पोर्शेच्या सहा नंबरच्या गाडीतल्या एस्त्र, लोटरर आणि वान्थूर यांना मिळालं, शर्यतीत कितीतरी मागे राहूनही. त्यातला लोटरर म्हणजे २०१६ च्या निरोपाच्या ऑडीत बसलेलाच. आणि झेंडा पडल्यावरही निकाल पक्का नव्हता. दुसऱ्या आलेल्या फेरारीने ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त टायर वापरल्याचं निघालं आणि दंड होऊन ती खाली घसरली. क्वालिटी विभागात काम करणाऱ्याला यात मनापासून आनंद झाला. माल पॅक झाला म्हणजे पास झाला असं नसतं, हे तो रोज सांगतो.

टोयोटाच्या त्या विजयाला या शहरात आणखी एक संदर्भ होता. तीन महिन्यांपूर्वी, ३१ जुलैला, टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात, बिडकीनला, नवा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला होता. गुंतवणुकीचा आकडा सुमारे २० हजार कोटींचा. शेंद्र्याची ऑडी गेली, बिडकीनची टोयोटा आली, असा आपल्या चाहत्याने स्वतःपुरता पक्ष बदलला. खेळात भूमिपुत्राचा न्याय लावणं तसं हास्यास्पद. पण धावपट्टीवर आपलं कुणीच नसेल तर माणूस धागा शोधणारच.

अगदीच कुणी नाही असंही नाही. २००९ साली नारायण कार्तिकेयन ल मांला पोचला होता, तोही ऑडीच्याच गाडीत. पण सुरुवातीआधी पिटची भिंत ओलांडताना खांदा निखळला आणि तो बसूच शकला नाही. २०१२ मध्ये करुण चंधोक तिथे धावणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी सहावी आली. दोघेही तमिळनाडूचे. मराठी माणूस दमसासाच्या या खेळात रॅलीच्या वाटेने गेला: पुण्याचे संजय टकले २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकमध्ये उतरले. सर्किटवर मात्र अजून वाट पाहणं आहे.

८ नोव्हेंबर २०२५. या वेळी दिवाळी आटोपून गेली होती आणि घरच्यांची तक्रार नव्हती. आठ तास पुन्हा निरोपाचेच निघाले. महिनाभर आधी पोर्शेने जाहीर केलं होतं की हायपरकारमधला कारखान्याचा संघ ती या स्पर्धेतून काढून घेणार, म्हणजे ऑडीच्या गोष्टीचीच दुसरी आवृत्ती. फरक इतकाच, की ऑडी जाताना पहिली-दुसरी आली आणि पोर्शेच्या वाट्याला तसं काही आलं नाही. २००९ चा फॉर्म्युला वन जगज्जेता जेन्सन बटन, वय ४५, कॅडिलॅकमधून आपली शेवटची व्यावसायिक शर्यत धावला. पुढे टोयोटा पहिली आणि दुसरी, सात नंबरच्या गाडीत कॉनवे, कोबायाशी आणि डे व्हरीस. वर्षभरात टोयोटाला एकही विजय मिळाला नव्हता, तो शेवटच्या दिवशी मिळाला. आणि मागे चौथ्या जागेवरून एकावन्न नंबरची फेरारी जगज्जेती झाली: पिएर गुईदी, कॅलाडो, जोव्हिनाझ्झी. फेरारीला कंपन्यांचं जागतिक जेतेपद मिळालं ते १९७२ नंतर पहिल्यांदा.

पाऊण वाजता त्याने डायरीचं पान फाडून घडी घातली. खाली चौकात सेकंड शिफ्टची बस येऊन थांबली, चार-पाच जण डबे घेऊन उतरले.

रविवारी सकाळी पीर बाजारच्या टपरीवर शेजारच्याने विचारलं, "काय, कोण जिंकलं रात्री?"

"टोयोटा."

शेजाऱ्याने आपल्या मोबाइलवर लाल कपड्यांतली माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारताना दाखवली. "मग हे फेरारीवाले कशाला नाचतायत?"

त्याने अजून एक कटिंग सांगितला आणि खिशातून घडी घातलेलं पान काढलं.