अर्धी काठी, अर्धा टप

चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीकडे निघालं की वाटेत कधी वनखात्याची, कधी पोलिसांची गाडी आपल्याला मागे टाकून जाते. तिच्या टपावर हातभर लांबीची एक बारीक काठी लवलवत असते. आपण ती पाहतो आणि विसरतो. आज मला त्या काठीविषयीच बोलायचं आहे. ती गाडीवर कुठे बसवायची, कशी बसवायची आणि बसवल्यावर तिची लांबी कशी जुळवायची, याविषयी.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. मग हा विषय माझ्याकडे कसा, असं तुम्हाला वाटेल. माझं लहानपण रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलं. अब्बा सोल्डरिंगची कढई तापवत बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी अभ्यास करायचो. त्यांच्यामागे काही वर्षं ते दुकान मी चालवलं. या विषयातलं मला जे कळलं, ते थोडं अब्बांकडून आणि बाकीचं माझ्याच एका चुकीतून.

ती चूक 1994 च्या पावसाळ्यातली. एका कार्यालयाची जीप माझ्याकडे आली. संच परवान्याचा होता, नवा होता. एरियल तेवढं बसवायचं होतं. जीपचा मागचा भाग ताडपत्रीचा, म्हणून मी मागच्या लोखंडी कोपऱ्यावर पट्टी कसली, तिच्यावर काठी उभी केली, केबल जोडली. गावातल्या गावात बोलून पाहिलं. आवाज स्वच्छ आला. मी पैसे घेतले आणि गाडी गेली.

आठवड्यानंतर आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर, दोन नाल्यांच्या मध्ये ती जीप अडकली. पुढे पाणी, मागे पाणी. गाडीत तापानं फणफणलेला एक पेशंट. सकाळी पाणी उतरलं आणि सगळे सुखरूप परतले, ही देवाची कृपा. पण ड्रायव्हर दुकानात येऊन म्हणाला, ‘भाऊ, मी तं रातभर बोलत होतो जी. तिकून कोणी आवाजच नाही देला.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी पट्टी खोलली. तिच्याखाली गाडीचा रंग जसाच्या तसा होता. रंगाचा तो पातळ थर मी खरवडलाच नव्हता. काठी उभी होती, पण गाडीच्या पत्र्याशी तिचा संबंधच नव्हता.

कविसंमेलनात कधी असं होतं. माईकचा दिवा लागलेला असतो, कवी रंगात येऊन वाचत असतो आणि कर्ण्याची तार मात्र निघालेली असते. वायरलेसच्या संचाचंही तसंच आहे. बटण दाबलं की दिवा लागतो. तो दिवा एवढंच सांगतो की संच बोलतो आहे. कोणी ऐकतं आहे की नाही, हे तो सांगत नाही.

आता पत्र्याचा संबंध इतका महत्त्वाचा का, ते पाहू. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1887-88 मध्ये प्रयोगशाळेत बिनतारी लहरी निर्माण केल्या, तेव्हा त्याच्या एरियलला दोन बाजू होत्या. पुढे 1895 मध्ये मार्कोनीनं एक बाजू उंच हवेत नेली आणि दुसरी जमिनीत पुरली. संदेश पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जाऊ लागला. जमिनीनं एरियलच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काम केलं होतं. गाडी तर रबरी चाकांवर पळते. तिच्यावरच्या काठीला जमीन कुठून मिळणार? तिथे टपाचा पत्रा जमीन होतो. म्हणजे दिसणारी काठी अर्धीच असते. उरलेलं अर्धं एरियल म्हणजे गाडीचा पत्रा. अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘काठी तुम्ही विकत घेता, टप तुमच्याकडे आधीच आहे. दोघांची गाठ मी घालून देतो.’ मी ती गाठच घालायला विसरलो होतो.

काठीची लांबी किती असावी, याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. काठी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी हवी आणि प्रत्यक्षात त्याहूनही साधारण पाच टक्के कमी. वनखात्याचे, पोलिसांचे संच बहुधा व्हीएचएफ पट्ट्यात चालतात. समजा 160 मेगाहर्ट्झ धरले, तर लहर 1.87 मीटरची आणि काठी सुमारे 45 सेंटिमीटरची. म्हणून ती हातभर दिसते. आपलं एफएम साधारण शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणून मोटारीच्या रेडिओचं जुन्या पद्धतीचं एरियल पाऊण मीटरच्या जवळपास असायचं.

तिसरा प्रकार सीबीचा, म्हणजे नागरी पट्ट्याचा. अमेरिकेत 1958 मध्ये तो 27 मेगाहर्ट्झवर खुला झाला आणि ट्रकवाल्यांनी तो जगप्रसिद्ध केला. आपल्याकडे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झमध्ये 5 वॅटपर्यंतच्या संचांना परवान्यातून सूट आहे. मात्र संच घेण्याआधी त्या सुटीच्या अटी, एरियलसकट, नीट वाचून घ्याव्यात. व्हीएचएफला परवाना लागतोच. 27 मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची, म्हणजे पुरी काठी सुमारे 2.64 मीटरची. आपल्या सागवानाच्या रस्त्यावर एवढी काठी घेऊन जाणं म्हणजे प्रत्येक फांदीशी भांडण. म्हणून बाजारात आखूड काठ्या मिळतात. त्यांच्या बुंध्यात किंवा मध्ये तारेचं वेटोळं असतं, ते लांबीची उणीव भरून काढतं. त्याची किंमत मोजावी लागते. आखूड काठीचा आवाज थोडा कमी पोचतो आणि ती फारच थोड्या फरकानंही बेसूर होते.

आता जागा. सर्वात चांगली जागा म्हणजे पत्र्याच्या टपाचा मध्य. तिथून आवाज चारही दिशांना सारखा जातो. काठी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसवली, तर आवाज पुढच्या उजव्या दिशेला जास्त जातो, कारण त्या बाजूला पत्रा जास्त आहे. हे लक्षात असलं तर अडचणीच्या वेळी गाडी वळवूनही फायदा घेता येतो.

ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा फाटकावर उघड्या जिप्सी उभ्या असतात. अशा गाडीला पत्र्याचा टपच नसतो. तिथे बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या बॉडीवर मजबूत पट्टी कसावी. काठी व्हीएचएफची असेल तर तिच्या बुंध्याखाली साधारण 90 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पत्राही टपाचं काम करतो. 27 मेगाहर्ट्झला एवढा पत्रा पुरत नाही, तिथे अख्खी गाडीच कामाला लावावी लागते. बॉनेट, दारं, चेसिस हे भाग बिजागऱ्यांवर आणि रबरावर बसलेले असतात. ते तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं एकमेकांना जोडून घ्यावेत. लोहचुंबकाचं बूड असलेलं एरियल सोयीचं खरं, पण ते लोखंडी पत्र्यावरच धरतं. ॲल्युमिनियमवर आणि फायबरवर ते बसतच नाही.

पट्टी कसताना तिच्याखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालावा, नट आवळावा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावून तो सांधा झाकावा. आधी पत्रा उघडा करायचा आणि मग पावसापासून झाकायचा, हा क्रम चुकवू नये. केबल 50 ओहमची घ्यावी. ती दारात चेपू देऊ नये, तिला तीव्र कोनात दुमडू नये. संचाची वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्यावी, म्हणजे इंजिनाची कुरकुर आवाजात कमी मिसळते.

जोडणी झाली की आधी मल्टिमीटरनं तपासावं. केबलची मधली तार काठीपर्यंत पोचते का, बाहेरची जाळी पत्र्याला लागते का आणि मधली तार जाळीला कुठे चिकटली तर नाही ना. काही एरियलच्या वेटोळ्यामुळे ही शेवटची तपासणी फसवी ठरते, तेव्हा सोबतचा कागद पाहावा.

मग सूर लावणं. त्यासाठी एसडब्ल्यूआर मीटर लागतं. संचातून निघालेल्या शक्तीपैकी किती एरियलकडून परत फिरते, ते या मीटरवरून कळतं. आकडा 1 असेल तर काहीच परत येत नाही. 1.5 ला शंभरातले चार भाग परत येतात, 2 ला अकरा आणि 3 ला पंचवीस. दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालेल. तीनच्या वर बोलत राहिलं तर संचच जळू शकतो.

गाडी मोकळ्या मैदानात न्यावी. घर, झाड, विजेची तार जवळ नको. दारं लावावीत, माणसं दूर करावीत. मीटर संच आणि केबल यांच्या मध्ये जोडावं. चॅनेल रिकामं आहे ना, ते ऐकून घ्यावं. बटण थोडाच वेळ दाबावं आणि त्या वेळी काठीला कोणी हात लावू नये, चटका बसतो. आधी पट्ट्याच्या खालच्या टोकाला मोजावं, मग वरच्या टोकाला. वरच्या टोकाला आकडा जास्त असेल तर काठी लांब आहे, कमी करावी. खालच्या टोकाला जास्त असेल तर आखूड आहे, वाढवावी. दोन्हीकडे सारखाच आणि खूप जास्त असेल तर काठीला हात लावू नये. दोष पत्र्याच्या जोडणीत किंवा केबलमध्ये आहे. माझ्या त्या जीपला हे मीटर लावलं असतं, तर त्यानं दोन मिनिटांत माझी चूक दाखवली असती.

लांबी बदलताना हात आखडता ठेवावा. 27 मेगाहर्ट्झच्या पुऱ्या काठीत एक सेंटिमीटरनं दहाव्या हिश्श्याएवढ्या मेगाहर्ट्झचा फरक पडतो. 160 वर तोच एक सेंटिमीटर साडेतीन मेगाहर्ट्झ सरकवतो. तिथे दोन-तीन मिलिमीटरसुद्धा पुष्कळ. वाढवलेली काठी आत सारता येते, कापलेली परत जोडता येत नाही.

एक धोका मात्र मीटरलाही ओळखता येत नाही. केबलमध्ये पाणी शिरलं की ती शक्ती स्वतःच पिऊन टाकते. एरियलपर्यंत फारसं काही जातच नाही, म्हणून परतही काही येत नाही आणि मीटर खुशीत चांगला आकडा दाखवतं. आपल्याकडे हे नेहमीचं. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या उन्हानं केबलचं आवरण तडकतं आणि मृगाचं पाणी त्या भेगेतून आत जातं. म्हणून मृगाआधी केबल आणि सांधे तपासावेत आणि शेवटची परीक्षा मीटरवर न सोडता माणसावर सोडावी. दहा-पंधरा किलोमीटरवर, शक्यतो टेकडीच्या पलीकडे गाडी नेऊन बोलावं. पलीकडच्यानं ‘ऐकू येतंय’ म्हटलं की काम झालं.

आज मोबाईलचे मनोरे वाढले आहेत, हे खरं. पण पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. अशा रात्री वीज जाते आणि तिच्यामागे मनोराही मुका होतो. मग गाडीची बॅटरी, संच आणि ती काठी एवढंच उरतं.

त्या ड्रायव्हरची जीप मी पुन्हा बांधून दिली. रंग घासला, पत्रा उघडा केला, काठी मोजून लावली. या वेळी गावात न बोलता आम्ही दोघं टेकडीच्या पलीकडे गेलो. त्यानं बटण दाबलं आणि कार्यालयातून उत्तर आलं. तो माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, ‘आता आला जी आवाज.’ त्या दिवशीचे पैसे मी घेतले नाहीत. त्यानंतर दुकान चालवलं तोवर, पलीकडून उत्तर ऐकल्याशिवाय एकही गाडी मी सोडली नाही.