मासिक डेटामर्यादा : साठ्याचे माप आणि प्रवाहाचे माप

१

नीरा डाव्या कालव्यावरील शेतकऱ्यास पाण्यासंबंधीचे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हे समजावून सांगावे लागत नाही. धरणात साठा किती आहे, हा पहिला प्रश्न. आणि आपल्या पाळीच्या दिवशी चारीला पाणी किती जोराने येईल, हा दुसरा. भाटघरचे धरण भरलेले असतानाही कालव्याच्या टेलकडील शेतात पाणी पोहोचत नाही, असे घडू शकते. कारण कालव्याची वहनक्षमता ठरलेली असते आणि एकाच वेळी सर्वांनी दारे उघडली तर शेवटच्या दारापर्यंत काही उरत नाही. घरगुती इंटरनेटच्या बाबतीत मात्र या दोन प्रश्नांची गल्लत झालेली आहे. दरमहा ठराविक गिगाबाइट वापरावेत, ते संपल्यावर वेग कमी व्हावा किंवा जादा आकार पडावा, अशी जी व्यवस्था सामान्यतः ‘डेटामर्यादा’ म्हणून ओळखली जाते, तिचे स्वरूप या गल्लतीवाचून नीट उलगडत नाही. प्रस्तुत लेखात त्या व्यवस्थेची कार्यपद्धती सांगून तिचे समर्थन कितपत टिकते, हे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी भवानीनगर घेतले आहे. बारामती–इंदापूर मार्गावर, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत व तिच्या परिसरातील वाड्यावस्त्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या आहेत. टंचाईचे वाटप कसे करावे, या प्रश्नाचा येथील अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. आणि त्या अनुभवाचा उपयोग एका नव्या टंचाईचे परीक्षण करण्यासाठी करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

प्रथम मापांचा खुलासा केला पाहिजे. जोडणीचा वेग सेकंदाला इतके मेगाबिट असा सांगतात. वापर मात्र गिगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे वेग हे प्रवाहाचे माप आहे, पाटबंधाऱ्याच्या भाषेत क्युसेक; आणि गिगाबाइट हे घनफळाचे माप आहे. १ मेगाबिट वेगाचा प्रवाह तीस दिवस अखंड चालू ठेवला, तर ३२४ गिगाबाइट होतात. या एका आकड्यावरून कोणत्याही योजनेची परीक्षा करता येते.

भारतात घरगुती ब्रॉडबँडचा व्यापक प्रसार २००५ च्या जानेवारीपासून, भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांच्या सेवांनी सुरू झाला. त्या वेळी २५६ किलोबिट वेगास ब्रॉडबँड म्हणत. २००७ पासून मर्यादित योजनांचा वेग कमाल २ मेगाबिटांपर्यंत वाढविण्यात आला. त्या काळात संचार निगमच्या ‘होम ५००’ या लोकप्रिय योजनेत मासिक ५०० रुपयांत अडीच गिगाबाइट मिळत. त्यापुढे प्रत्येक मेगाबाइटला जादा आकार पडे. हिशेब केला तर असे दिसते की, २ मेगाबिटांच्या पूर्ण वेगाने अडीच गिगाबाइट संपावयास १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास पुरत. महिन्याच्या ७२० तासांपैकी पावणेतीन तास! वेग वाढला, म्हणून मर्यादा अधिक लवकर संपू लागली. दार मोठे केले, पण पाण्याचा कोटा त्या प्रमाणात वाढला नाही.

त्याच योजनेत एक तरतूद मात्र अत्यंत अर्थपूर्ण होती. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळातील वापर मोजला जात नसे. शेताला रात्री पाणी देण्याची सवय असलेल्या प्रदेशात या तरतुदीचा अर्थ चटकन ध्यानात येईल. रात्री वाहिनी रिकामी असते. त्या वेळी कोणी कितीही उतरवून घेतले, तरी दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. तंत्रज्ञांनी ओळखलेले सत्य येथे दरपत्रकात उतरले होते. त्याची किंमत वापरणाऱ्याच्या झोपेने भरली जात असे, ही गोष्ट वेगळी.

३

हे सत्य कोणते, ते अधिक विस्ताराने पाहू. गावातील ऑप्टिकल फायबरच्या प्रचलित पद्धतीत एकाच वाहिनीवरील सुमारे २·५ गिगाबिटांचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकास सुमारे ७८ मेगाबिट मिळतात. ६४ घरांनी केली तर ३९. त्याच्या पुढे, गावाकडून तालुक्याकडे व तेथून शहराकडे जाणारी वाहिनी याहून अधिक घरांत सामाईक असते, आणि खरी अडचण बहुधा तेथेच उत्पन्न होते. ही अडचण रात्री आठ ते अकराच्या सुमारास असते. पहाटे चार वाजता तीच वाहिनी जवळजवळ रिती असते.

आता मुख्य मुद्दा. पहाटे न वापरलेली वहनक्षमता रात्रीसाठी राखून ठेवता येत नाही. इंटरनेटच्या वाहिनीमागे भाटघरसारखे धरण नाही. जो क्षण गेला, त्या क्षणाची क्षमता कायमची वाया गेली. पाण्याचे घनफळ मोजून वाटणे न्याय्य असते, कारण आज वाचविलेले पाणी उन्हाळी आवर्तनात उपयोगी पडते. गिगाबाइट मात्र वाचत नाहीत. म्हणून मासिक घनफळावर घातलेली मर्यादा ही जेथे साठाच नाही, तेथे साठ्याचा नियम लावते.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका घरात पहाटे एक ते सहा या वेळात महिनाभरात ६०० गिगाबाइट उतरविले जातात. दुसऱ्या घरात रोज रात्री आठ ते दहा या दोन तासांत मिळून महिन्याला ६० गिगाबाइट वापरले जातात. दुसरे घर गर्दीच्या वेळी सरासरी २·२ मेगाबिटांचा भार वाहिनीवर टाकते. पहिले घर गर्दीच्या वेळी काहीच टाकत नाही. ५०० गिगाबाइटांची मर्यादा असेल, तर दंड पहिल्या घरास होईल. ज्याने कोणाचेही पाणी तोडले नाही, त्याचीच पाळी बंद झाली!

सेवादात्यांचे आपापसांतील व्यवहार पाहिले, तर हे तत्त्व त्यांनाही मान्य असल्याचे दिसते. मोठ्या वाहिन्यांची घाऊक आकारणी पुष्कळदा उच्चतम पाच टक्के क्षण वगळून उरलेल्या सर्वाधिक प्रवाहावर होते, महिन्याच्या एकूण बेरजेवर नव्हे. कॅनडात २०११ च्या आरंभी घनफळावर आधारलेल्या घाऊक आकारणीविरुद्ध मोठा लोकक्षोभ झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथील नियामक आयोगाने क्षमतेवर आधारलेली आकारणी स्वीकारली. अमेरिकेत कॉमकास्ट या कंपनीने २००८ च्या ऑक्टोबरात २५० गिगाबाइटांची मासिक मर्यादा घातली होती व पुढे ती वेळोवेळी वाढविली. परंतु २०२० च्या मार्चमध्ये, महामारीमुळे घरगुती वापर एकाएकी वाढला असताना, हीच मर्यादा काही महिन्यांसाठी स्थगित करण्यात आली. गर्दी आवरण्यासाठी मर्यादा अपरिहार्य असती, तर गर्दीच्याच काळात ती उठविता आली नसती.

४

मग मर्यादेचे कार्य तरी कोणते? तिच्या बाजूने तीन गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली, ग्राहकांची प्रतवारी. थोडा वापर करणाऱ्यास स्वस्त योजना देता यावी आणि अधिक वापर करणाऱ्याकडून अधिक घ्यावे, हा व्यापारी हेतू सर्वस्वी अन्यायाचा नाही. दुसरी, घरगुती दराने जोडणी घेऊन ती आजूबाजूस विकण्यास आळा घालणे. तिसरी, बिनतारी सेवेतील खरी टंचाई. मनोऱ्यावरून घरी येणाऱ्या इंटरनेटमध्ये लहरींचा पट्टा मर्यादितच असतो. तेथे वाहिनी वाढविणे फायबरइतके सोपे नाही.

या तीन हेतूंच्या प्रकाशात आजच्या योजना पाहाव्यात. २०२० च्या सप्टेंबरपासून मोठ्या खाजगी कंपन्यांच्या फायबर योजना ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तरी त्यांना ३,३०० गिगाबाइटांच्या आसपास मर्यादा होतीच. वरील मापाने तिचा अर्थ सुमारे १० मेगाबिटांचा प्रवाह महिनाभर अखंड, असा होतो. रोज चार तास उत्तम प्रतीची चित्रफीत पाहणाऱ्या कुटुंबाचा वापर सुमारे ३५० ते ४०० गिगाबाइटांवर जात नाही. अशी मर्यादा केवळ दुसऱ्या हेतूची आहे. सामान्य घरास तिची झळ लागत नाही. बिनतारी घरगुती सेवेत ही मर्यादा १,००० गिगाबाइटांपर्यंत खाली येते.

खरी झळ लागते ती ज्या घरात तार पोहोचलेलीच नाही, त्या घरास. उसाच्या फडाशेजारील वस्तीवर घरगुती इंटरनेट म्हणजे पुष्कळदा वडिलांचा मोबाइल आणि त्यावरील दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइटांची योजना. ही दैनिक मर्यादा मासिक मर्यादेहून कठोर आहे. कारण आजचे उरलेले उद्या मिळत नाही. एका तासाच्या चित्रवर्गास सुमारे एक गिगाबाइटपर्यंत लागू शकतो. एकाच जोडणीवर दोन भावंडे शिकत असली, तर दुपारपर्यंत दिवस संपतो. शिवाय मर्यादा ही जोडणीवर असते, माणसांवर नसते. आठ माणसांच्या एकत्र कुटुंबास आणि एकट्या भाडेकरूस माप एकच. थोडा वापर करणारा म्हणजे गरीब, हे प्रतवारीमागील गृहीत येथे उलटे पडते. गरीब घरात एकाच जोडणीचा वापर अधिक माणसे करतात.

त्यातच आज इंटरनेट ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. सातबाऱ्याचा उतारा, २०२१ पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, ही कामे थोड्या गिगाबाइटांची असली, तरी ठराविक मुदतीत व्हावी लागतात. मर्यादेनंतरचा वेग किती, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ च्या ऑक्टोबरात तारेवरील ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ किलोबिटांच्या खाली जाऊ नये आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचताच ग्राहकास सूचना मिळावी, असे निर्देश दिले. तेव्हा ५१२ किलोबिट हीच ब्रॉडबँडची व्याख्या होती. २०२३ च्या जानेवारीत ती व्याख्या २ मेगाबिटांची झाली. म्हणजे २०१६ मध्ये किमान ठरविलेला वेग आता व्याख्येच्या चौथ्या हिश्शाइतकाच भरतो.

५

कालव्याच्या इतिहासातून येथे एक धडा घेता येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धती सुचविली, तेव्हा तिचा हेतू उसाखालील पाणी थोड्या गावांत न अडकता अधिक गावांत पसरावे, हा होता. टंचाई कोठे आहे, हे आधी निश्चित केले गेले आणि नियम मागाहून आला. २००५ च्या सिंचनविषयक कायद्यांनी पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले, तेही पाणी साठविता येते म्हणूनच सार्थ ठरते.

इंटरनेटच्या बाबतीत टंचाई प्रवाहाची आहे. तेव्हा नियमही प्रवाहाचा हवा : गर्दीच्या तासांत सर्वांना समान वाटा, गर्दी नसताना मोजणी नाही, आणि कोणत्याही स्थितीत आवश्यक कामे होतील असा किमान वेग. यांपैकी पहिली गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. दुसरी आपल्याकडे एके काळी दरपत्रकात होतीच.

विभागातील संशोधक विद्यार्थ्यांना भवानीनगर परिसरात या विषयाची पाहणी करावयाची झाल्यास ‘आपण महिन्याला किती गिगाबाइट वापरता’ या प्रश्नाने आरंभ करू नये. जोडणी तारेवरची की मोबाइलवरची, ती किती माणसांत वाटली जाते, कोणत्या वेळी ती मंदावते, आणि मर्यादा संपल्यावर घरातील कोणाचे काम प्रथम थांबते, हे चार प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुरुष, स्त्रिया व शिकणारी मुले यांच्याकडून स्वतंत्रपणे घेतले जावे. मर्यादेचा भार वास्तविक कोणावर पडतो, हे दरपत्रकावरून कळत नाही. ते घराघरांतूनच समजून घ्यावे लागेल.