लघुअनियतकालिके आणि संतकवितेचे पुनर्वाचन

तुकारामांच्या गाथेची मुंबई सरकारच्या आश्रयाने सिद्ध झालेली आवृत्ती १८६९ व १८७३ या वर्षी दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यासाठी सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर केले होते. संतवाङ्मयाच्या मुद्रणाचा इतिहास सांगताना या घटनेचा उल्लेख बहुधा होतोच. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, बडोद्याच्या ‘वृश्चिक’ या छोट्या नियतकालिकाने संतकवितेच्या इंग्रजी अनुवादांचा विशेषांक काढला; त्याची आठवण मात्र मराठीच्या वर्गात क्वचितच निघते. गुलाममोहम्मद शेख व भूपेन खख्खर हे त्याचे दोन्ही संपादक चित्रकार होते. नामदेव, जनाबाई व मुक्ताबाई यांच्या रचनांचे अरुण कोलटकरांनी केलेले अनुवाद या अंकात होते. अशा अल्पजीवी अंकांनी आध्यात्मिक कवितेच्या वाचनात कोणता फरक घडविला, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लघुअनियतकालिक हे चार मित्रांच्या खिशातून चालते. मानधन नाही, जाहिरात नाही, पुढचा अंक निघेलच असा भरवसाही नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या ‘शब्द’ने (१९५४ ते १९६०) मराठीत ही वाट पाडली, पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. या पिढीचे ‘सत्यकथा’शी झालेले भांडण सर्वश्रुत आहे. पण या बंडखोरांपैकी अनेकांना तुकाराम, नामदेव, जनाबाई हे आपले समकालीन वाटत होते, ही बाब त्या भांडणाच्या गदारोळात मागे पडली. मर्ढेकरांनी अभंगाचा साचा यंत्रयुगाच्या अनुभवासाठी वापरून याची पूर्वतयारी करून ठेवलीच होती.

येथे प्रकाशनस्थळाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कीर्तनात अभंग एकटा येत नाही. त्याला चाल, टाळमृदंग, ध्रुपदाची आवर्तने आणि निरूपण यांची साथ असते. गाथेत तो साडेचार हजारांहून अधिक अभंगांतील एक असतो. ल. रा. पांगारकरांच्या ‘मुमुक्षु’सारख्या भक्तिपर नियतकालिकात वाचकाची श्रद्धा गृहीत असते. छोट्या अंकात हे सारे आधार सुटतात. पाच-सात रचना कोऱ्या पानावर, समकालीन कवितेच्या शेजारी उभ्या राहतात. साहजिकच निवड हीच समीक्षा होते. देवाशी सलगी करणारी, प्रसंगी त्याला खडसावणारी जनाबाई अशा निवडीतून ठळक होते आणि पाठ्यपुस्तकातील सोशिक दासीची प्रतिमा डळमळते.

यात हानीही आहे, आणि ती लहान नाही. वारकरी हा या अंकांचा वाचक कधीच नव्हता. ज्या समूहाने ही कविता मुखोद्गत ठेवून जगविली, त्याच्यापर्यंत तिचे हे नवे रूप पोहोचले नाही. इंग्रजी अनुवादाच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच वाढते.

कोलटकरांच्या ‘जेजुरी’च्या निमित्ताने हा वाद उघडपणे पुढे आला. ही कविता १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आली, १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’ या कवींच्याच सहकारी प्रकाशनाने ती पुस्तकरूपाने काढली आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाडे यांनी तिच्यातील दृष्टी पर्यटकाची आहे असा आक्षेप घेतला. आक्षेप गंभीर आहे. परंतु त्याच कवीने संतांचे अनुवाद करण्यात घातलेली वर्षे बाजूला ठेवून तो तपासता येणार नाही. संशयी मनाची श्रद्धा ओळखण्याचे निकष आपल्या समीक्षेने फारसे घडविलेले नाहीत, हेच खरे कारण असावे.

आजही छोट्या नियतकालिकांच्या संपादकांकडे अभंग-ओव्यांचे गठ्ठे येतात. त्यांतील पुष्कळ रचना नाकारल्या जातात, आणि नकार आला की कवीला तो आपल्या भक्तीचा अव्हेर वाटतो. वस्तुतः संपादक भक्ती तपासत नसतो. विठ्ठल, वीट, चंद्रभागा हे शब्द जुळविले की अनुभव आपोआप येतो, हा समज त्याला मान्य नसतो एवढेच.

महाविद्यालयीन ग्रंथालयांत मात्र या साहित्याची स्थिती बिकट आहे. ठरावीक दिवशी न येणारा अंक नियतकालिकांच्या नोंदवहीत बसत नाही आणि पातळ असल्याने ग्रंथ म्हणून दाखल होत नाही. मग तो रद्दीत जातो. अभ्यासकही पुढे निघालेल्या संग्रहाचाच संदर्भ देतो. रचना प्रथम कोठे, कोणाच्या शेजारी छापली गेली हे नोंदवीत नाही. चित्रे यांचे ‘पुन्हा तुकाराम’ (१९९०) व ‘सेज तुका’ (१९९१) ही पुस्तके सहज हाती येतात. त्यांच्यामागील दशकांचे वाचन ज्या अंकांत विखुरले आहे, ते येत नाहीत. ‘वृश्चिक’चे अंक एशिया आर्ट आर्काइव्हने संगणकीय रूपात उपलब्ध करून दिले आहेत, तेही मुख्यत्वे चित्रकलेच्या अभ्यासकांच्या गरजेतून. ‘शब्द’ किंवा ‘असो’चा एखादा अंक पाहायचा तर मराठीच्या प्राध्यापकाला बहुतेक वेळा कोणाच्या तरी घरातील जुनी पेटी उघडावी लागते.